गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू. फ्युएल पंपच गेलाय का? साडेपाच हजार घालू का नको?

टॉवेलवाला_८७

मंडळी नमस्कार. गाडी दीडशे सीसी, २०२१ ची, बीएस-६, एफआय म्हणजे कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरनं पेट्रोल मारणारी. ४१ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या वेळी लिहिलं तर निम्मे लोक गाडी विकून टाक म्हणाले आणि निम्मे त्यांच्याशी भांडत बसले, माझा प्रश्न तसाच राहिला.

तर झालं असं की गेल्या गुरुवारी बायकोला घेऊन अक्कलकोटला गेलतो. सकाळी जाताना काही म्हणता काही त्रास नाही. दर्शन झालं, जेवण झालं, दुपारी दीडला परत निघालो आणि वळसंग मागं पडतंय न पडतंय तोवर गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि गप्प. ऊन म्हणजे काय, चपलेला डांबर चिकटायलं होतं. सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरायलंय, बॅटरी दणदणीत, हॉर्न दणदणीत, पण पकडत नाही. लिंबाखाली लावली, अर्धा तास बसलो, सहज सेल्फ मारला तर पहिल्याच झटक्यात चालू. कुंभारीपर्यंत आणली, परत बंद. परत वीस मिनिटं. बायको एका हातात नारळाची पिशवी आणि दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर धरून उभी, एक शब्द बोलत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटायली होती.

घराजवळच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं गाडीला हात पण लावला नाही, नुसतं ऐकून म्हणाला, फ्युएल पंपाची मोटर गेली, टाकीतली अख्खी असेंब्ली टाकावी लागंल, साडेपाच हजार. घरी येऊन सांगितलं की पंप गेलाय, तर बायको म्हणते कुठला, आपल्या कोपऱ्यावरचा?

आता माझं म्हणणं एवढंच आहे की साडेपाच हजार घालायला ना नाही, पण घालून पण परत वळसंगला लिंबाखाली बसायची वेळ आली तर? आधी काय तपासू? घरी मल्टिमीटर आहे, पाने आहेत, एमआयडीसीत लूमच्या मेंटेनन्सला असतो त्यामुळं वायरीला घाबरत नाही. वॉरंटी संपलीय. इंजिनचा पिवळा लाइट पेटलेला नाही.


वायरिंग_अण्णा

मालक, पंप विकत घ्यायच्या आधी माझं ऐका. माझ्याकडं दुकानात पंप बदलून पण तोच त्रास असलेल्या गाड्या येतात, महिन्याला एक तरी असतेच. पंप चांगलाच असतो, वायर कुजलेली असते.

आधी फुकटातलं बघा. चावी ऑन केली, हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच रनवर, की टाकीतून दोन-तीन सेकंद झूंऽऽ असा आवाज येतो आणि थांबतो. ती मोटर प्रेशर भरून घेते. सकाळी थंड गाडीला तो आवाज नीट ऐकून ठेवा, दहा वेळा ऐका, पाठ करा. मग गाडी बंद पडल्यावर परत ऐका. आवाज तसाच आला तर पंपाला शिव्या द्यायच्या नाहीत, मग प्लग, कॉइल, इंजेक्टर, सेन्सर अशी दुसरी लाइन. आवाजच नाही आला तर मग तुमच्या मिस्त्रीच्या बोलण्यात दम आहे, पण अजून पूर्ण नाही.

आवाज नाही म्हणजे एक तर मोटर मेली नाही तर मोटरपर्यंत करंटच जात नाही. फ्यूज काढून बघा, नुसता बाहेरून नाही, काढून. रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा डबीसारखा स्विच, तो बघा. बऱ्याच गाड्यांत शेजारीच तसलाच दुसरा रिले असतो, पार्ट नंबर एकच असला तर अदलाबदल करून बघायला पैसे लागत नाहीत. किल स्विच चार-पाच वेळा इकडं तिकडं करा. गाडी कधी पडली होती का? आडवं पडल्यावर पंप बंद करणारा एक सेन्सर असतो, त्याचा स्क्रू ढिला झाला की खड्ड्यात पण गाडी बंद पाडतो, आणि आपल्याकडं खड्डे किती ते काय मी सांगायचं.

आता मेन गोष्ट. मल्टिमीटर घरीच ठेवा. म्हणजे वाईट नाही, पण तो फसवतो. कुजलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. मोटर जोडली की ते बारा कधी आठ होतात कळत पण नाही. म्हणून टेस्टलॅम्प बनवा. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हातभर वायर. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, छोट्या गाडीची मोटर पण साधारण त्याच्या आसपासच ओढते, म्हणजे खोटी मोटरच झाली ती. टाकीखालचा पंपाचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काढायचा, गाडीकडून येणाऱ्या बाजूला बल्ब लावायचा, मग चावी ऑन. चावी आधी आणि बल्ब नंतर लावत बसला तर ते दोन-तीन सेकंद निघून जातात आणि माणूस म्हणतो करंटच नाही. कप्लरला चार पिना असतील तर त्यातल्या दोन पेट्रोलच्या काट्याच्या असतात, त्यांना बल्ब लावू नका, पंपाच्या वायरी बहुतेक जाड असतात, तरी पण डायग्राम बघूनच.

बल्ब झगझगीत पेटला आणि मोटर गप्प, तर मोटर गेली, देवाचं नाव घ्या आणि नवीन आणा. बल्ब मिणमिणला तर वायर, रिले किंवा अर्थिंग. अर्थिंगचा नट टाकीखाली नाही तर चासीवर असतो, तिथं पांढरं-हिरवं जमतं, ते घासून साफ करा.

आणि हे सगळं गाडी बंद पडलेली असताना करायचं. घरी थंड गाडीला केलं तर सगळं चांगलंच दिसणार, कारण थंड असताना ती चालतेच ना. टाकीचं झाकण लावलेलं पाहिजे, पेट्रोलचा वास येत असला तर बल्बबिल्ब काही नाही, आधी गळती.


जुनी_गाडी_सोनं

म्हणून सांगतो कार्बोरेटर बरा. कॉक फिरवला, रिझर्व्ह लावला, नाही तर नळी काढून तोंडानं फुंकली की काम झालं. माझी १९९८ ची अजून चालू आहे. टाकीत मोटर, मोटरला रिले, रिलेला कॉम्प्युटर, विहिरीवरची मोटर बरी यापेक्षा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं त्याच दिवशी मी ठरवलं की नवीन घ्यायची नाही.


पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर

काका, १९९८ चं तुम्ही प्रत्येक धाग्यावर सांगता, मागच्या वेळी मायलेज विचारलं तर गायब झालात.

मूळ प्रश्नावर येतो. अण्णांनी करंटची बाजू सांगितली, मी पेट्रोलची सांगतो. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू हे तीन-चार कारणांनी होतं आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. एक म्हणजे टाकीच्या झाकणाचा श्वास बंद होणं. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यायला पाहिजे, ती वाट धुळीनं बुजली की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंप ओढून ओढून दमतो. थोडा वेळ उभी केली की हळूहळू हवा शिरते आणि आपल्याला वाटतं थंड झाल्यामुळं चालू झाली. तपासायला काही लागत नाही, बंद पडली की झाकण उघडायचं, फुस्स असा मोठा आवाज येऊन लगेच चालू झाली तर झाकणाचं काम करा, पंपाचं नाही.

दुसरं म्हणजे पंप स्वतः. ती मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि तिला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं पेट्रोलच असतं, वेगळं ऑइल नाही, पंखा नाही. ब्रश झिजले असतील, पंपाच्या तोंडाची पेट्रोल गाळणारी जाळी तुंबली असेल, तर गार असताना कशीतरी फिरते आणि गरम झाली की अडकते. बहुतेक एफआय गाड्यांत पंपाला तीन बारच्या आसपास प्रेशर धरून ठेवावं लागतं, कारच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास हवा असते त्यावरून अंदाज घ्या. जाळी तुंबलेली असेल तर मोटर जास्त जोर लावते, जास्त तापते. पिवळा लाइट पेटला नाही याचं नवल वाटून घेऊ नका. बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरला प्रेशर मोजायला सेन्सरच नसतो, त्याला वाटतं पंप चालू आहे.

म्हणून एक प्रश्न, खरं उत्तर द्या. रोज पेट्रोल कितीचं टाकता?


बार्शी_टू_सोलापूर

माझा अनुभव लिहिते, पंप बदलायच्या आधी उपयोग झाला तर बघा. मी वैरागच्या शाळेत शिकवते, रोज एफआय स्कूटर. दोन वर्षांपूर्वी अशीच बंद पडायला लागली, पण माझी उन्हात नाही, पावसात. तीन ठिकाणी दाखवली. पहिल्यानं प्लग बदलला, दुसऱ्यानं इंजेक्टर साफ केला, तिसऱ्यानं पंपच सांगितला आणि साडेचार हजाराचं कोटेशन दिलं. मी हो म्हणणारच होते. आमच्या शाळेतले शिपाई मामा पूर्वी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, ते म्हणाले मॅडम एक मिनिट थांबा, आणि हँडलच्या उजव्या बाजूची वायर धरून नुसतं हँडल डावीकडे वळवलं. गाडी बंद. सरळ केलं, चालू. वायर आतून तुटलेली होती, बाहेरून रबर एकदम शाबूत. चाळीस रुपयांत काम झालं, त्यातले वीस चहाचे.

तर दादा, गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि वायरी जिथे वाकतात तिथे हाताने हलवून बघा. अण्णांनी सांगितलेल्या बल्बबरोबर हेही करा.

आणि वहिनींना पुढच्या गुरुवारी एसटीने पाठवा.


मोहोळ_लोकल

एवढं कशाला लिहायलाय सगळे. इथेनॉलनं वाट लावलीय सगळ्यांची. पेट्रोलमध्ये २० टक्के दारू घातल्यावर पंप पिऊन पडणारच की बे 😂 आपलाच ऊस, आपल्याच जिल्ह्यातले कारखाने, आणि आपल्याच गाड्या बंद.


पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर

अर्धं खरं आहे, अर्धं व्हॉट्सॲप. ई-२० म्हणजे ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या नवीन गाड्यांचे रबर, सील वगैरे त्याला चालतील असे द्यावे लागतात. ही गाडी २०२१ ची, म्हणजे मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळ काय लिहिलंय ते बघावं लागेल, ई-१० असेल तर जुन्या रबरावर परिणाम होऊ शकतो. पण इथेनॉल पंपाला थेट मारतं असं नाही. त्याचा खरा स्वभाव म्हणजे ते पाणी धरतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळवून घेतं, ते इंजिनात जळून जातं, काही कळत नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की मग पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. आणि पंपाची जाळी कुठे असते? तळालाच. म्हणून प्रश्न इथेनॉलचा कमी आणि टाकीत पाणी कुठून आलं याचा जास्त.


टॉवेलवाला_८७

आलो. सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देतो.

ताई, हँडल दोन्हीकडं वळवून बघितलं, वायरी पिळून बघितल्या, काही फरक नाही. एसटीचा निरोप घरी वाचून दाखवला, बायको म्हणाली या ताईंचा नंबर घ्या.

पुणेकर भावा, तू बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलास. मी शंभराचं टाकतो. म्हणजे रोज शंभराचं. आजच्या भावात लिटरभर पण येत नाही. चार वर्षं झाली, टाकी फुल्ल केल्याचं आठवतं ते फक्त गाडी घेतली त्या दिवशी, ती पण शोरूमवाल्यानं नाही, सासऱ्यांनी भरून दिलती. काटा कायम लाल पट्टीत लोळत असतो.

अण्णा, तुमचा बल्ब बनवला. शनिवारी कामावरून आल्यावर दुपारीच गाडी घेऊन निघालो मुद्दाम बंद पाडायला. होटगी रोडनं विमानतळापर्यंत गेलो, आलो, परत गेलो. एरवी कामाला निघालं की बंद पडते, आणि आज बंद पड म्हणतोय तर बाई काय थांबायला तयार नाही. तिसऱ्या चकरेला आसरा चौकाच्या अलीकडं आचके दिले आणि गेली. बाजूला घेतली, झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही. चावी ऑन, कान टाकीला, आवाज नाही. कप्लर काढला, बल्ब लावला, चावी ऑन. लखलखीत पेटला, तीन सेकंद, विझला. परत केलं, परत तसंच. दोन पोरं थांबून बघायली होती, एकानं विचारलं काका हे काय आहे, म्हटलं गाडीची ईसीजी काढायलोय.

मग कप्लर परत लावला, चावी ऑन, गप्प. मला काय सुचलं काय माहीत, चप्पल काढली आणि टाकीच्या बुडाला पंप आहे तिथं टाचेकडून दोन दणके दिले, चावी ऑन, झूंऽऽ. चालू झाली आणि घरापर्यंत आली.

म्हणजे मोटरच ना? आता दोन प्रश्न. अख्खी असेंब्ली घेऊ का नुसती मोटर? नुसती मोटर बाजारात बाराशेला सांगायलेत. आणि घरी बदलता येईल का?


वायरिंग_अण्णा

मोटरच. दणका दिल्यावर फिरते म्हणजे ब्रश झिजलेत नाही तर आत कचरा अडकलाय. दणक्यावर विसंबून परत अक्कलकोटला जाऊ नका, चार-पाच वेळा चालतं ते, मग चप्पल फाटते पण मोटर फिरत नाही.

असेंब्ली का मोटर, हे उघडल्यावर कळतं. प्लेट, प्रेशरचा रेग्युलेटर, काट्याला जोडलेला तरंगता फ्लोट चांगले असले, प्लॅस्टिकला चीर नसली तर नुसती मोटर, जाळी आणि पॅकिंग बदलून काम होतं, मी स्वतः करतो. पण बाराशेची मोटर घ्यायची तर जुनी हातात घेऊन जा, लांबी, जाडी, तोंड आणि मुख्य म्हणजे किती प्रेशरची आहे ते जुळलं पाहिजे. दिसायला सगळ्या सारख्याच असतात. काही असेंब्लीत मोटर प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेली असते, ती उचकटायला गेलं की लॉक तुटतो, मग साडेपाच हजार घालावेच लागतात वर बाराशे वाया.

घरी होईल, तुम्ही मेंटेनन्सचे माणूस आहात. पण गच्चीवर किंवा अंगणात, घरात नको, देवापुढं दिवा असतो, गॅस असतो, फ्रीजचा पण स्पार्क असतो. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. आधी पंपाचा कप्लर काढून गाडी चालू करा, नळीतलं प्रेशर संपलं की आपोआप बंद पडेल, तुमची तर काय तशी पण पडते. हे न करता नळी उपसली तर पेट्रोल थेट डोळ्यात. मग बॅटरीची मायनस वायर काढा, नळीच्या लॉकला फडकं गुंडाळून दाबा, टाकी काढा.

टाकी उलटी करायच्या आधी पेट्रोल काढा, ते पारदर्शक बाटलीत काढा आणि तासभर न हलवता ठेवा. पुण्याच्या पोरानं पाण्याचं सांगितलंय ते डोळ्यानं दिसेल. प्लेट उघडायच्या आधी तिच्या भोवतीची माती ब्रशनं साफ करा, सगळे इथंच चुकतात, चार वर्षांची माती सरळ टाकीत जाते आणि नवीन जाळीवर बसते. पंप बाहेर काढताना सरळ ओढू नका, फ्लोटची काडी आत अडकते, तिरका करून फिरवत काढा.

आतली नळी मोटर बदलताना ढिली वाटली तर बाहेरची साधी पेट्रोलची नळी कापून लावू नका, ती बाहेर ठीक असते पण पेट्रोलमध्ये बुडून राहिली की फुगते आणि प्रेशरला सुटते. बुडवायची नळी वेगळी येते, ती मागून घ्या. मोटरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या लावल्या तर मोटर फिरेल, आवाज पण येईल, पण नळीत प्रेशर भरणार नाही, म्हणून खोलताना मोबाइलवर फोटो. नवीन मोटर हातात धरून बॅटरीला लावून कोरडी फिरवून बघायची हौस करू नका, कोरडी फिरली की तिथंच तिचं आयुष्य कमी होतं आणि ठिणगीचा धोका वेगळाच. प्लेटचं पॅकिंग नवीनच, जुनं फुगलेलं असतं, दाबून बसवलं तरी झिरपतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जाऊ नका.

बसवून झालं की तीन लिटर तरी पेट्रोल घाला, शंभराचं नाही. चावी ऑन-ऑफ चार-पाच वेळा, दर वेळी आवाज थांबेपर्यंत. मग टॉर्च घेऊन सगळे जोड बघा, बोट फिरवून वास घ्या. कोरडं असलं तरच सेल्फ.


जुनी_गाडी_सोनं

मायलेज ४८ आहे. विचारलं होतं म्हणून सांगितलं.


टॉवेलवाला_८७

झालं एकदाचं. रविवारी केलं, सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी अडीचला संपलं, त्यातला दीड तास एका बोल्टला.

बाटलीचं आधी सांगतो. टाकीतून पाऊण लिटर निघालं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून गच्चीच्या सावलीत ठेवलं. तासाभरानं बघितलं तर खाली बोटभर वेगळा थर, वर पेट्रोल. सरळ रेघ दिसायली होती. थराच्या तळाला तांबूस गाळ, चहा गाळल्यावर कपात राहतो तसा. मोहोळवाल्या भावाला फोटो पाठवला असता, तो म्हणाला असता बघ मी सांगितलं नव्हतं का.

पण पाणी आलं कुठून याचा शोध लावला. टाकीच्या झाकणाच्या खाली जो खोलगट भाग असतो त्यात एक बारीक भोक असतं, त्यातून नळी खाली जाते, पावसाचं पाणी तिथनं निघून जावं म्हणून. मला चार वर्षांत हे माहीतच नव्हतं. ते भोक मातीनं पार लिंपलेलं. मी दर रविवारी वॉशिंग सेंटरला जातो, पोरगं प्रेशर गन थेट झाकणावर मारतंय, पाणी तिथं साचतंय, झाकणाचं रबर पण कडक झालेलं, तिथनं आत. म्हणजे गाडी चमकवायला मीच पैसे देऊन टाकीत पाणी भरून घेत होतो. त्यात टाकी कायम रिकामी, वरच्या पत्र्याला आतून गंज. मोटरनं चार वर्षं काढली हेच नवल म्हणायचं.

पंप काढला. जाळी बघितली तर पांढरी असते म्हणे, माझी तपकिरी. मोटर हातानं हलवून बघितली तर आत खरखर. प्लेट आणि बाकीचं चांगलं होतं, मोटर पण क्लिपचीच निघाली, दाबून बसवलेली नव्हती, म्हणून नुसतीच बदलली. सोमवारची सुट्टी टाकायची नव्हती म्हणून शनिवारी रात्रीच पुतण्याकडनं मोटर, जाळी, पॅकिंग, बुडवायची नळी सगळं आणून ठेवलं होतं, सगळं मिळून अठराशे चाळीस. अण्णा, तुम्ही जुनी मोटर घेऊन जा म्हणालता, मी फोटो आणि गाडीच्या मॅन्युअलमधला प्रेशरचा आकडा घेऊन पाठवलं, नशिबानं जुळली. दुसऱ्यांनी तसं करू नका.

टाकी पेट्रोलनं तीनदा खळखळून धुतली, आत चुंबक बांधून दोरा फिरवला, त्याला गंजाची भुकटी चिकटून आली. वाईट पेट्रोल काय करू म्हणून मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला हात-पाय धुवायला ग्रीस काढायला ठेव. ते पाण्यावालं काही परत गाडीत घातलं नाही. झाकणाचं रबर बदललं, भोक बारीक तारेनं मोकळं केलं, वरून कपभर पाणी ओतून बघितलं, खालून धार आली तेव्हा पोरानं टाळ्या वाजवल्या.

चावी ऑन, झूंऽऽ. आवाज पण वेगळा आहे, जुन्याचा घोगरा होता, याचा बारीक आहे. पाच वेळा केलं, टॉर्चनं बघितलं, कोरडं. सेल्फ, चालू. सोमवार ते बुधवार कामावर, आणि आज गुरुवार, भर दुपारी अक्कलकोटला जाऊन आलो. एकटाच. बायको म्हणाली आधी तू जाऊन ये. वळसंगला त्या लिंबाखाली मुद्दाम थांबलो, पाणी प्यायलो, सेल्फ मारला, चालू.

फक्त एक झालंय. टाकीत पाच लिटर घातलंय पण काटा अर्ध्यावर येऊन बसलाय तो हलायचं नाव घेत नाही, अक्कलकोटला जाऊन आलो तरी अर्ध्यावरच. अण्णा, हे काय?


वायरिंग_अण्णा

पंप आत घालताना तिरका घातला नाही. फ्लोटची काडी वाकलीय, टाकीच्या कडेला टेकून बसलीय. सांगितलं होतं काढताना फिरवून काढा, घालताना पण तसंच हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी. परत टाकी काढावी लागेल, पॅकिंग आत्ताच नवीन आहे, फुगलेलं नसेल तर चालेल, पण जपून. घाई नसली तर तोवर किलोमीटरवर हिशोब ठेवा.


टॉवेलवाला_८७

राहू द्या मग पुढच्या महिन्यापर्यंत. काटा अर्ध्यावर बघायची सवय नव्हती, चार वर्षांत पहिल्यांदा श्रीमंत वाटायलंय.


बार्शी_टू_सोलापूर

दादा, तो बल्ब आणि होल्डर काम झालं असेल तर आमच्या शिपाई मामांना बघायचा आहे. शनिवारी सोलापूरला येतेय, कुठे घेऊ?